अमेरिकेचा मेंदू-इजा कायदा, त्याचा निधी आणि पुनर्वसन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा कायदा नेमका कोणता आणि तो कधी झाला?

अमेरिकी काँग्रेसने संमत केलेला ‘ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी ॲक्ट’ हा तो कायदा होय. २९ जुलै १९९६ रोजी राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांनी त्यावर स्वाक्षरी केली. अपघात, पडणे, मारहाण, गोळी किंवा स्फोट अशा बाह्य आघाताने मेंदूला होणारी इजा टाळणे, तिची मोजदाद करणे, तिच्यावर संशोधन करणे आणि इजाग्रस्तांना सेवा मिळाव्यात म्हणून राज्यांना अनुदान देणे, ही चारही कामे संघराज्याच्या पातळीवर एकाच कायद्यात प्रथमच एकत्र आली. प्रतिनिधिगृहात जेम्स ग्रीनवूड यांनी आणि सिनेटमध्ये ऑरिन हॅच व एडवर्ड केनेडी या परस्परविरोधी पक्षांच्या सदस्यांनी हा विषय उचलून धरला होता.

त्यानंतर २०००, २००८, २०१४ आणि २०१८ अशा चार वेळा काँग्रेसने या कायद्याचे नूतनीकरण केले. दर वेळी केवळ मुदत वाढली असे नाही, तर मजकूरही बदलला. २००० साली इजाग्रस्तांच्या हक्करक्षणासाठी वेगळे अनुदान जोडले गेले. २००८ साली इराक व अफगाणिस्तानातून परतणाऱ्या सैनिकांच्या इजांचा अभ्यास करण्याचा आदेश आला. २०१४ साली राज्य अनुदानाचा कार्यक्रम कोणत्या यंत्रणेकडे ठेवायचा, हे ठरवण्याची मुभा आरोग्य व मानवी सेवा विभागाच्या सचिवांना मिळाली. २०१८ साली कन्कशनच्या, म्हणजे मेंदूला बसलेल्या सौम्य धक्क्याच्या राष्ट्रीय गणनेसाठी तरतूद झाली.

या कायद्यापूर्वी इजाग्रस्तांसाठी काहीच नव्हते का?

काहीच नव्हते असे म्हणता येणार नाही. पण जे होते ते विस्कळीत होते. १९७० आणि १९८०च्या दशकांत तातडीची वैद्यकीय सेवा व शस्त्रक्रिया झपाट्याने सुधारल्या आणि पूर्वी रस्त्यावरच दगावणारे रुग्ण वाचू लागले. वाचलेल्यांना पुढे कोठे न्यायचे, हा प्रश्न मात्र त्यांच्या कुटुंबांसमोर उभा राहिला. ते ना मनोरुग्ण, ना जन्मजात बौद्धिक अपंगत्व असलेले, ना वृद्ध. त्यामुळे कोणतेच सरकारी खाते त्यांना आपले मानत नव्हते. अशाच कुटुंबांनी १९८० साली मॅसॅच्युसेट्समध्ये ‘नॅशनल हेड इंज्युरी फाउंडेशन’ सुरू केले, जे आज ‘ब्रेन इंज्युरी असोसिएशन ऑफ अमेरिका’ या नावाने ओळखले जाते. १९८७ साली संघराज्याच्या अपंगत्व-संशोधन संस्थेने ‘टीबीआय (ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी) मॉडेल सिस्टीम्स’ ही पुनर्वसन केंद्रांची योजना सुरू केली आणि १९९० साली शिक्षणविषयक कायद्यात मेंदूच्या इजेला अपंगत्वाचा स्वतंत्र प्रवर्ग म्हणून स्थान मिळाले. १९९६चा कायदा या पायावर उभा राहिला.

कायद्याच्या दृष्टीने ‘मेंदूची इजा’ म्हणजे काय? पक्षाघात त्यात येतो का?

कायद्याची व्याख्या ‘मेंदूला नंतर झालेली इजा’ अशी आहे. जन्मजात विकार, वयोमानाने वाढत जाणारे ऱ्हासाचे आजार आणि प्रसूतीच्या वेळी झालेली इजा या गोष्टी तिने स्पष्ट शब्दांत वगळल्या आहेत. आघातामुळे प्राणवायू न मिळून झालेली इजा मात्र तिच्यात धरता येते. पक्षाघात, मेंदूतील गाठ किंवा संसर्ग यांतून आलेले अपंगत्व या चौकटीत सहसा बसत नाही. व्यवहारात अनेक राज्यांनी आपल्या स्वतःच्या कार्यक्रमांत ‘ॲक्वायर्ड ब्रेन इंज्युरी’ ही अधिक व्यापक संज्ञा स्वीकारली असून तेथे पक्षाघाताचा रुग्णही पात्र ठरू शकतो. म्हणून अर्जापूर्वी त्या राज्याची व्याख्या शब्दशः वाचावी. तिच्यातील एखाद्या विशेषणावर वर्षानुवर्षांची सेवा मिळणे किंवा नाकारली जाणे अवलंबून असते.

या कायद्यातून इजाग्रस्त व्यक्तीला थेट पैसे मिळतात का?

नाही. सर्वाधिक गैरसमज याच मुद्द्यावर असल्याने हे सुरुवातीलाच स्पष्ट केलेले बरे. या कायद्याखाली कोणाही रुग्णाच्या खात्यात रक्कम जमा होत नाही, रुग्णालयाचे बिल भरले जात नाही आणि घरी काळजी घेणाऱ्याला मोबदलाही मिळत नाही. निधी तीन दिशांनी जातो. पहिला भाग सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेकडे मोजदाद आणि प्रतिबंधासाठी जातो. दुसरा भाग राज्य सरकारांना अनुदान म्हणून मिळतो. तिसरा भाग प्रत्येक राज्यातील हक्करक्षण संस्थेला मिळतो. राज्यांचे अनुदान आधी ‘हेल्थ रिसोर्सेस अँड सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन’ या यंत्रणेकडे होते. ऑक्टोबर २०१५ पासून ते ‘ॲडमिनिस्ट्रेशन फॉर कम्युनिटी लिव्हिंग’, म्हणजेच एसीएलकडे आले. आरोग्यसेवा देणाऱ्या यंत्रणेकडून समाजात राहण्यास मदत करणाऱ्या यंत्रणेकडे झालेला हा बदल कागदोपत्री किरकोळ दिसला, तरी मेंदूची इजा ही रुग्णालयातून सुटी मिळाल्यावर संपणारी बाब नाही, ही जाण त्यातून दिसते.

रक्कम साधारण किती आहे?

२०१८च्या नूतनीकरणाने आर्थिक वर्ष २०२० ते २०२४ या काळासाठी राज्यांच्या अनुदानाला दरवर्षी ७३ लाख २१ हजार डॉलर आणि हक्करक्षण संस्थांना दरवर्षी ४० लाख डॉलर अशी कमाल मर्यादा मंजूर केली. हे आकडे पुरेसे आहेत का, हे ठरवण्यासाठी एक साधा भागाकार करून पाहावा. सीडीसीच्या नोंदीनुसार २०२० साली मेंदूच्या इजेमुळे २ लाख १४ हजारांहून अधिक वेळा रुग्णालयात दाखल करावे लागले. राज्यांच्या अनुदानाची पूर्ण रक्कम त्यांच्यात वाटली, तर प्रत्येकी सुमारे ३४ डॉलर येतात. पन्नास राज्यांत सारखी वाटली, तर एका राज्याच्या वाट्याला दीड लाख डॉलरही येत नाहीत. प्रत्यक्षात ती सारखी वाटली जात नाही. राज्यांना स्पर्धेने अर्ज करावा लागतो आणि सर्वच राज्यांना अनुदान मिळते असे नाही. एवढ्या रकमेतून पुनर्वसन होत नाही, आणि होणे अपेक्षितही नाही. पुनर्वसनाकडे नेणारी वाट राज्यात कोणीतरी आखावी आणि त्याबद्दल कोणीतरी उत्तरदायी असावे, एवढाच या पैशाचा हेतू आहे.

मंजुरीची मुदत संपली की निधी आपोआप बंद होतो का?

होत नाही. अमेरिकी अर्थव्यवहारात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. पहिली पायरी अधिकृत मंजुरीची. अमुक कार्यक्रम चालवावा आणि त्यावर अमुक रकमेपर्यंत खर्च करावा, असे त्यात म्हटलेले असते. दुसरी पायरी विनियोजनाची, म्हणजे त्या आर्थिक वर्षासाठी तिजोरीतून प्रत्यक्ष किती पैसे काढायचे हे ठरवण्याची. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपते. मंजुरी संपल्यानंतरही काँग्रेस विनियोजनातून एखाद्या कार्यक्रमाला पैसे देत राहू शकते, आणि अनेक कार्यक्रम तसे वर्षानुवर्षे चालतातही. याच्या उलटही घडते. मंजुरीचा आकडा कायद्यात छापलेला असूनही विनियोजनात तेवढी रक्कम पडत नाही. २०१८च्या कायद्याने कन्कशनच्या राष्ट्रीय गणनेसाठी दरवर्षी ५० लाख डॉलरची मंजुरी दिली होती. पण ‘कायद्यात तरतूद आहे’ याचा अर्थ ‘पैसे आले आहेत’ असा घेऊ नये.

मंजुरी संपणे तरीही निर्धोक नसते. मुदत संपलेल्या कार्यक्रमाला काटछाटीच्या वेळी बचाव करणारा आधार कमी असतो आणि प्रशासकीय फेरबदलाचा फटका त्याला लवकर बसतो. आरोग्य विभागाने २७ मार्च २०२५ रोजी पुनर्रचना जाहीर केली, तेव्हा एसीएलची कामे इतर यंत्रणांत विभागून देण्याची योजनाही त्यात होती. या कायद्याचा पाठपुरावा करणारे काँग्रेसमधील बिल पास्क्रेल ऑगस्ट २०२४ मध्ये निवर्तले. मेंदूच्या इजेसंबंधीचा सदस्यांचा गट त्यांनी २००१ पासून सांभाळला होता. लहान कार्यक्रम बहुधा अशाच एखाद्या चिवट सदस्याच्या जोरावर टिकतात.

अनुदान मिळवण्यासाठी राज्याला काय करावे लागते?

राज्याला मेंदूच्या इजेसाठी सल्लागार मंडळ असावे लागते आणि त्यात इजाग्रस्त व्यक्ती व कुटुंबीयांना स्थान द्यावे लागते. शिवाय संघराज्याच्या दर दोन डॉलरमागे राज्याने आपल्याकडून किमान एक डॉलर घालावा लागतो. हा वाटा रोख रकमेतच हवा असे नाही. कर्मचाऱ्यांचा वेळ, जागा किंवा अन्य सेवाही धरता येते. यांपैकी सल्लागार मंडळाची अट मला सर्वांत मोलाची वाटते. रक्कम थोडी असली तरी इजा झालेला माणूस आणि राज्याच्या मेडिकेड (कमी उत्पन्न असलेल्यांसाठीचा सरकारी आरोग्य विमा) खात्याचा अधिकारी एकाच टेबलाभोवती बसतात. राज्याच्या गरजांची पाहणी आणि पुढील काही वर्षांचा आराखडा तेथूनच आकाराला येतो.

या अनुदानातून प्रत्यक्षात काय घडते?

सर्वांत उपयुक्त काम म्हणजे लपलेली इजा शोधणे. तुरुंग, बेघरांचे निवारे, व्यसनमुक्ती केंद्रे आणि कौटुंबिक हिंसेतून सुटलेल्या महिलांची आश्रयस्थाने येथे मेंदूला पूर्वी इजा झालेली, पण तशी नोंद कोठेही नसलेली माणसे मोठ्या संख्येने आढळतात. ‘तुमच्या मेंदूला कधी इजा झाली होती का?’ असे विचारले तर बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात, कारण लहानपणी झाडावरून पडून बेशुद्ध झाल्याला ते इजा समजत नाहीत. म्हणून ओहायो स्टेट विद्यापीठात तयार झालेली मुलाखतीची पद्धत वेगळ्या मार्गाने जाते. डोक्याला किंवा मानेला लागून कधी दवाखान्यात जावे लागले का, वाहनाच्या अपघातात डोके आपटले का, पडून किंवा खेळताना आपटले का, कोणी मारले किंवा जोराने हलवले का, जवळपास स्फोट झाला होता का, असे एकेक प्रसंग आठवायला लावले जातात. प्रत्येक होकारानंतर शुद्ध हरपली होती का, किती वेळ आणि त्या वेळी वय काय होते, हे विचारतात. पाचेक मिनिटांत माणसाच्या आयुष्यातील आघातांची यादी कागदावर उतरते. सूचना विसरणारा, रांगेत चिडणारा, भेटीची वेळ चुकवणारा ‘बेशिस्त’ माणूस प्रत्यक्षात स्मरणशक्ती आणि आवर यांवर परिणाम झालेला असू शकतो, हे तुरुंगातील रक्षकाला प्रथमच कळते. मग त्याला तोंडी सूचनेऐवजी चिठ्ठी दिली जाते आणि एका वेळी एकच काम सांगितले जाते. यासाठी फार खर्च येत नाही. प्रशिक्षण मात्र लागते, आणि ते या अनुदानातून मिळते.

याखेरीज मार्गदर्शनाच्या दूरध्वनी सेवा, सेवांची जुळवाजुळव करणारे समन्वयक, रुग्णालयांतील नोंदींवरून कुटुंबांशी संपर्क साधणारी राज्यस्तरीय यादी, अशी कामेही राज्ये या पैशातून उभी करतात.

हक्करक्षण संस्था काय करतात?

प्रत्येक राज्यात व प्रदेशात अपंग व्यक्तींच्या हक्कांसाठी कायद्याने नेमलेली ‘प्रोटेक्शन अँड ॲडव्होकसी’ संस्था असते. देशभरात अशा ५७ संस्था आहेत. शाळा सोयी नाकारत असेल, नर्सिंग होमबाहेर (दीर्घकालीन काळजीच्या निवासी संस्थेबाहेर) राहणे शक्य असूनही कोणाला तेथेच ठेवले असेल, मेडिकेडने सेवेचे तास कापले असतील, तर तेथे कायदेशीर मदत मिळते. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९९च्या ‘ओल्मस्टेड’ निर्णयानंतर अनावश्यकपणे संस्थेत ठेवणे हा भेदभाव ठरू शकतो आणि या संस्था त्या निर्णयाचा आधार वारंवार घेतात.

मग उपचारांचे आणि पुनर्वसनाचे बिल भरते कोण?

याचे उत्तर वेळेनुसार बदलते. पहिल्या काही आठवड्यांत खासगी आरोग्य विमा, वाहन विमा किंवा कामावर इजा झाली असल्यास कामगार भरपाई पुढे येते. २०१० च्या आरोग्यसेवा सुधारणा कायद्याने वैयक्तिक व लहान कंपन्यांच्या विमा योजनांत पुनर्वसन सेवा आवश्यक लाभांत घातल्या; पण त्यांची मर्यादा किती, हे योजनेनुसार ठरते. शारीरिक उपचारांना मान्यता मिळते. स्मरण, लक्ष, नियोजन यांवरील संज्ञानात्मक उपचारांना मात्र विमा कंपन्या खळखळ करतात. टेक्सासने विमा संहितेच्या प्रकरण १३५२ मध्ये असे उपचार नाकारण्यास आळा घातला आहे.

रुग्णालयातून थेट पुनर्वसन रुग्णालयात जाता येईलच असेही नाही. मेडिकेअरच्या, म्हणजे वृद्ध व अपंगांसाठीच्या संघराज्याच्या आरोग्य विम्याच्या, निकषांत रुग्णाने साधारणपणे दिवसाला तीन तास, आठवड्यातून पाच दिवस उपचार सोसावेत अशी अपेक्षा असते. जो अजून धड जागा राहत नाही, त्याला तीन तास कसे झेपणार? परिणामी ज्याची इजा सर्वांत गंभीर, तोच नर्सिंग होममध्ये पाठवला जातो, जेथे उपचार सर्वांत कमी असतात. दोन-तीन महिन्यांनी तो शुद्धीवर येऊ लागला, तरी परत पुनर्वसनात आणण्यासाठी कुटुंबाला नव्याने मंजुरी मागावी लागते. ती वेळ साधण्यासाठी नर्सिंग होममधील प्रगतीची रोजची नोंद तारखेनिशी ठेवावी. ‘मंगळवारी सांगितल्यावर डावा हात उचलला’ ही एक ओळ विम्याच्या अपिलात मोठ्या वर्णनापेक्षा अधिक कामी येते.

दीर्घकाळाचा खर्च मात्र प्रामुख्याने मेडिकेडवर येतो. सामाजिक सुरक्षा कायद्याच्या कलम १९१५(सी) मध्ये १९८१ पासून राज्यांना ‘वेव्हर’ची सोय आहे. मेडिकेडचे काही नेहमीचे नियम राज्याला शिथिल करता येतात आणि संस्थेऐवजी घरी किंवा समाजात सेवा देता येते, पण त्यांचा सरासरी खर्च संस्थेतील खर्चाहून अधिक होता कामा नये. काही राज्यांचे वेव्हर खास मेंदूच्या इजेसाठी आहेत. वेव्हरखाली जागा मर्यादित ठेवण्याची राज्यांना मुभा असल्याने पात्र असूनही प्रतीक्षायादीत राहावे लागते. म्हणून आज गरज नसली तरी नाव लवकर नोंदवावे, हा केस मॅनेजरांचा सल्ला योग्यच आहे.

अपंगत्वाचा मासिक लाभ केव्हा सुरू होतो?

सामाजिक सुरक्षा प्रशासन मेंदूच्या इजेचे मूल्यमापन अनेकदा इजेनंतर किमान तीन महिन्यांपर्यंत, आणि तेव्हाही चित्र स्पष्ट नसेल तर सहा महिन्यांपर्यंत लांबणीवर टाकते, कारण सुरुवातीच्या काळात प्रकृती वेगाने बदलत असते. अंशदानावर आधारलेल्या अपंगत्व विम्याला पाच पूर्ण महिन्यांची प्रतीक्षा आहे आणि तो सुरू झाल्यावर मेडिकेअरसाठी आणखी २४ महिने थांबावे लागते. अर्ज मात्र ताबडतोब करावा.

राज्यांचे न्यासनिधी कोठून पैसे आणतात?

हा भाग सर्वसामान्य वाचकाला सहसा ठाऊक नसतो, पण पुनर्वसनाच्या दृष्टीने तो संघराज्याच्या कायद्याइतकाच महत्त्वाचा आहे. अनेक राज्यांनी मेंदू आणि मज्जारज्जूच्या इजेसाठी स्वतंत्र निधी उभारले असून त्यांची कल्पना अशी की, ज्या वागण्यातून इजा होते त्यावरील दंडातूनच उपचार व्हावेत. जॉर्जियात दारू पिऊन वाहन चालवणाऱ्याच्या दंडावर अधिभार लागतो आणि तो या निधीत जातो. मॅसॅच्युसेट्समध्ये वेगमर्यादा ओलांडल्याचा आणि नशेत वाहन चालवल्याचा दंड निधीला मिळतो. व्हर्जिनियात गंभीर वाहतूक गुन्ह्यामुळे रद्द झालेला परवाना परत मिळवण्यासाठी जे शुल्क भरावे लागते, त्याचा हिस्सा वळवला जातो. न्यू जर्सीने दंडाची वाट न पाहता वाहन नोंदणीवर ५० सेंटचा अधिभार बसवला, म्हणजे तेथे नियम पाळणारा चालकही वाटा उचलतो.

व्यवहाराच्या दृष्टीने न्यू जर्सीचा मार्ग अधिक स्थिर आहे. दंडावर चालणारा निधी न्यायालयांच्या वसुलीवर अवलंबून असतो. पोलिसांनी कमी पावत्या फाडल्या किंवा न्यायाधीशांनी दंड माफ केला की उत्पन्न घटते, इजाग्रस्तांची संख्या मात्र त्या प्रमाणात घटत नाही. अर्थसंकल्पाची ओढाताण असताना अशा राखीव निधीवर विधिमंडळांची नजर जाते, हेही लक्षात ठेवावे. दुसरीकडे, या निधीतून विम्याला न जमणाऱ्या छोट्या गोष्टी मिळू शकतात. घराला उतरण, न्हाणीघरात धरायचा दांडा, आठवण करून देणारे उपकरण, काही महिन्यांचे समुपदेशन अशा गोष्टींची रक्कम थोडी असते, पण त्यांच्यावाचून घरी परतणे अडते. हे निधी बहुधा ‘शेवटचा आधार’ म्हणून दिले जातात. आधी विमा व मेडिकेड यांचा नकार कागदावर दाखवावा लागतो.

मिशिगनचे उदाहरण वारंवार का दिले जाते?

कारण कायद्यातील एका दराने पुनर्वसनाची सबंध व्यवस्था कशी हलते, हे तेथे दिसले. मिशिगनने १९७३ पासून वाहन विम्यात दोष कोणाचा हे न पाहता आजीवन, अमर्याद वैद्यकीय लाभ दिले. त्यामुळे तेथे मेंदूच्या इजेसाठीची निवासी केंद्रे आणि घरपोच सेवा मोठ्या संख्येने उभ्या राहिल्या, आणि विम्याचे हप्तेही देशात सर्वाधिक महाग झाले. हप्ते कमी करण्यासाठी २०१९ साली दुरुस्ती झाली. अमर्याद लाभ ऐच्छिक झाला आणि १ जुलै २०२१ पासून, ज्या सेवांचा मेडिकेअरकडे दरच नाही अशा सेवांना जानेवारी २०१९च्या दराच्या ५५ टक्केच रक्कम मिळू लागली. घरी राहणाऱ्या रुग्णाची चोवीस तास काळजी ही नेमकी अशीच सेवा. घरातील माणसांनी केलेल्या सेवेला आठवड्याला ५६ तासांची मर्यादा आली, म्हणजे दिवसाला आठ तास. उरलेले सोळा तास पत्नी किंवा आई करीतच राहते, फक्त मोबदल्याविना. काही सेवा संस्थांनी काम थांबवले आणि रुग्णांना दुसरीकडे हलवावे लागले.

३१ जुलै २०२३ रोजी मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘अँडारी’ खटल्यात निर्णय दिला की, दुरुस्ती लागू होण्याआधी, म्हणजे ११ जून २०१९ पूर्वी ज्यांना इजा झाली, त्यांच्या लाभांना ही कात्री लागू नाही. त्यानंतरच्या इजाग्रस्तांना मात्र ती लागू आहे. एकाच रस्त्यावर, सारख्याच अपघातात जखमी झालेल्या दोन माणसांच्या उरलेल्या आयुष्यात केवळ तारखेमुळे एवढे अंतर पडते.

प्रतिबंधाचा पैसा कशावर खर्च होतो?

मेंदूची इजा म्हटली की वाहन अपघात डोळ्यांसमोर येतो. पण मेंदूच्या इजेने रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे जण पडल्यामुळे आलेले असतात आणि त्यात वयोवृद्धांचा भरणा मोठा असतो. सीडीसीने म्हणूनच डॉक्टरांसाठी ‘स्टेडी’ नावाचा उपक्रम तयार केला. वृद्ध रुग्ण तपासणीला आला की त्याला तोल, चष्मा, गुंगी आणणारी औषधे आणि मागील वर्षातील पडणे यांविषयी विचारायचे, असे त्याचे स्वरूप आहे. मृत्यूंचे चित्र वेगळे आहे. २०२१ साली मेंदूच्या इजेशी संबंधित ६९ हजारांहून अधिक मृत्यू झाले आणि त्यांत बंदुकीने केलेल्या आत्महत्या हे सर्वांत मोठे कारण होते. प्रतिबंधाचे धोरण आखताना हे दोन आकडे शेजारी ठेवले, तर एकाच उपायावर सारा निधी लावणे का चुकीचे, हे कळते.

हेल्मेटचा कायदा देशभर सारखा का नाही?

१९६६च्या महामार्ग सुरक्षा कायद्याने राज्यांचा निधी मोटारसायकलस्वारांच्या हेल्मेट सक्तीशी जोडला आणि १९७५ पर्यंत ४७ राज्यांनी तसा कायदा केला. १९७६ मध्ये काँग्रेसने ही अट काढून टाकली आणि त्यानंतर राज्यांनी आपले कायदे सैल करण्याचा सपाटा लावला. मिशिगनने २०१२ साली प्रौढांची सक्ती उठवली, मिसुरीने २०२० साली. इलिनॉय, आयोवा आणि न्यू हॅम्पशायर येथे मोटारसायकलसाठी सर्वसाधारण हेल्मेट कायदाच नाही. हेल्मेटमुळे स्वाराच्या मृत्यूचा धोका सुमारे ३७ टक्के कमी होतो, असे संघराज्याच्या वाहतूक सुरक्षा संस्थेचे अनुमान आहे. निधीला जोडलेली अट किती परिणामकारक असते आणि ती काढताच काय होते, याचा याहून उघड पुरावा मिळणे कठीण.

शाळेतील खेळाडूंच्या कन्कशनबाबत कोणते नियम आहेत?

वॉशिंग्टन राज्याने मे २००९ मध्ये ‘झॅकरी लिस्टेट कायदा’ केला. खेळाडू व पालकांना दरवर्षी माहिती द्यायची, कन्कशनचा संशय येताच खेळाडूला मैदानाबाहेर काढायचे आणि प्रशिक्षित वैद्यकीय व्यावसायिकाच्या लेखी परवानगीशिवाय परत खेळू द्यायचे नाही, ही त्याची तीन सूत्रे होत. २०१४ पर्यंत सर्व ५० राज्यांत असा कायदा झाला. सीडीसीची ‘हेड्स अप’ ही शिक्षणमोहीम प्रशिक्षक व पालकांना त्यासाठी साहित्य पुरवते.

इजा झालेले मूल शाळेत परतल्यावर काय मिळू शकते?

१९९० पासून मेंदूची इजा हा विशेष शिक्षणाचा स्वतंत्र प्रवर्ग असल्याने मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा मागता येतो. मागणी लेखी करावी. मूल बोलते-चालते आणि जुने धडे आठवतात म्हणून शाळा अनेकदा त्याला ‘बरे झाले’ असे धरते. नवीन शिकण्यातील अडचण पुढच्या इयत्तेत उघड होते. आराखड्याचा आढावा त्यासाठी लवकर मागावा.

सैनिक आणि माजी सैनिकांची व्यवस्था वेगळी आहे का?

होय, आणि तिचा निधीही वेगळा आहे. संरक्षण विभागाने १९९२ सालीच या विषयाचा स्वतंत्र कार्यक्रम सुरू केला होता. माजी सैनिकांच्या विभागाची रिचमंड, टँपा, मिनियापोलिस, पालो आल्टो आणि सॅन अँटोनिओ येथे बहुइजा पुनर्वसन केंद्रे आहेत, आणि इराक व अफगाणिस्तानातून परतलेल्यांची २००७ पासून मेंदूच्या इजेसाठी प्राथमिक तपासणी केली जाते.

कुटुंबाने सुरुवात कोठून करावी?

रुग्णालयात असतानाच तेथील वैद्यकीय समाजसेवकाकडून तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : राज्याच्या मेंदू-इजा कार्यक्रमाचे प्रमुख खाते कोणते, राज्यात न्यासनिधी आहे का, आणि मेंदूच्या इजेसाठी मेडिकेड वेव्हर आहे का. राज्यानुसार हे खाते आरोग्य, पुनर्वसन किंवा मानवी सेवा विभागात असते, त्यामुळे एका कार्यालयाने ‘आमच्याकडे नाही’ म्हटले तरी सेवा नाहीच असे समजू नये. सुटीच्या कागदांवर निदान केवळ ‘डोक्याला मार’ असे मोघम लिहिलेले असेल, तर मेंदूच्या इजेचा स्पष्ट उल्लेख करून घ्यावा, कारण पुढील प्रत्येक अर्जाला हाच कागद जोडावा लागतो. नकार आला तर तो लेखी मागावा आणि त्यावरील अपिलाची मुदत त्याच दिवशी दिनदर्शिकेत नोंदवावी.